विश्लेषण : पांढरा संगमरवर घेताय? मकराना, अंबाजी, व्हिएतनाम की इटालियन... जालन्यातील घरात कोणता टिकेल?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया असे वास्तुशांतीचे मुहूर्त जवळ आले की बांधकाम संपत आलेल्या घरांमध्ये एक वाद हमखास रंगतो. फरशी कोणती टाकायची? व्हिट्रिफाइड टाइल टाकून मोकळे व्हायचे, की आयुष्यात एकदाच होणारे काम म्हणून पांढरा संगमरवर बसवायचा? संगमरवर ठरला की दुसरा वाद सुरू होतो. मकराना, अंबाजी, मोरवड, अगरिया, बांसवाडा, व्हिएतनाम, इटालियन अशी नावे कानावर पडतात आणि दुकानाच्या दिव्यांखाली सगळेच दगड सारखे शुभ्र दिसतात. त्यात गेल्या काही महिन्यांत जीएसटी कपात, तुर्कीच्या मालावरील बहिष्कार आणि अरवलीतील खाणींचा न्यायालयीन वाद अशा बातम्यांची भर पडली. ‘आता स्वस्त होणार’ आणि ‘आता महागणार’ हे दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर फिरू लागले.

फरशी आवडली नाही म्हणून दुसऱ्या वर्षी बदलता येत नाही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी हा दगड, त्याचा बाजार आणि जालन्याची माती-पाणी या तिन्हींचा हिशेब मांडलेला बरा.

जालन्यात संगमरवर सापडत का नाही?

जालना जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. संगमरवर मात्र चुनखडकापासून तयार होतो. चुनखडक जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णतेखाली नव्याने स्फटिकरूप घेतो, तेव्हा त्याचा संगमरवर होतो. मराठवाड्यातील जुन्या घरांत आजही दिसणारी शहाबादी फरशी हा तसा संगमरवराचाच गरीब भाऊबंद. तोही चुनखडकच, फक्त त्या भट्टीतून न गेलेला.

त्यामुळे या भागात संगमरवर नेहमी दुरूनच आला आणि वाहतुकीमुळे नेहमीच महाग पडला. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा याचा उत्तम पुरावा आहे. १६६०-६१च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूत संगमरवर आहे तो खाली कंबरेएवढ्या पट्ट्यात आणि वर घुमटाला. मधल्या भिंती बेसाल्टच्या, वरून चुन्याचा गुळगुळीत गिलावा. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने भरलेल्या सुमारे ३०० गाड्या आपण पाहिल्या आणि त्यातील लहानात लहान गाडीलाही १२ बैल जुंपले होते, अशी नोंद फ्रेंच व्यापारी तावेर्निए याने केली आहे. बजेट आटोक्यात ठेवायचे तर महागडा दगड नजर पडते तिथेच लावायचा, हे शहाण्या गृहिणीचे गणित औरंगजेबाच्या घराण्यालाही चुकले नाही!

आज बैलांच्या जागी ट्रेलर आले. किशनगड या देशातील सर्वात मोठ्या संगमरवर बाजारापासून जालना रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास आहे. दुकानातील दरात हे अंतर मिसळलेले असते. किशनगडचा स्वस्त दर ऐकून इथल्या दुकानदाराशी भांडण्याआधी भाडे, भरणे-उतरवणे आणि वाटेतील तूटफूट त्यात धरावी.

पांढरा म्हणजे नेमका कोणता?

दुकानातील नावे ही बहुतेक गावांची नावे आहेत. दगडाचा स्वभाव मात्र त्याच्या खनिजावरून ठरतो. पांढऱ्या संगमरवराचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक कॅल्साइटचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. दुसरा डोलोमाइटचा, ज्यात कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असते.

ओरखड्यांना होणारा विरोध मोजणाऱ्या मोह्ज मापनावर कॅल्साइटचा आकडा ३ आहे, डोलोमाइटचा साडेतीन ते चार. रस्त्यावरच्या धुळीत असणाऱ्या वाळूच्या कणाचा, म्हणजे क्वार्ट्झचा आकडा आहे ७. याचा अर्थ साधा आहे. चप्पल घालून घरात फिरण्याची सवय असेल, तर कोणताही संगमरवर घासला जाणारच; डोलोमाइट जरा उशिरा.

दुसरा फरक आम्लाचा. लिंबाच्या रसाचा थेंब कॅल्साइटवर पडला की दगड विरघळू लागतो आणि बारीक बुडबुडे येतात. डोलोमाइटवर हीच क्रिया बरीच मंद होते. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबू पिळून पाच मिनिटांनी पुसले की दगडाचा अंदाज येतो. (दुकानदाराला आधी विचारावे, हे सांगायला नको.) जीआय मानांकन मिळालेल्या मोसंबीच्या जिल्ह्यात ही चाचणी तशी रोजच होणार आहे. रसाचा ग्लास लवंडला आणि तासभर तसाच राहिला, तर तेवढ्या भागाची चमक जाते. हा डाग नसतो, तिथला दगडच खाल्लेला असतो. त्यामुळे तो पुसून निघत नाही, पुन्हा पॉलिश करावे लागते.

मकरान्याला एवढा भाव का?

राजस्थानातील मकराना हे गाव आता डीडवाना-कुचामन जिल्ह्यात येते. ताजमहाल, कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल आणि अयोध्येतील राम मंदिर या सर्वांत इथला दगड वापरला गेला. मकराना संगमरवराला जीआय मानांकन आहे आणि २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघटनेने त्याला जागतिक वारसा दगडाचा दर्जा दिला.

हा कॅल्साइटचा, घट्ट दाण्यांचा संगमरवर आहे. पाणी कमी शोषतो, कारखान्यात सहसा रासायनिक भराव न करता विकला जातो आणि वर्षांनी पुन्हा घासला तरी आतून तसाच निघतो. त्याची किंमत आहे ती या गुणांची. पण ‘मकराना’ हे एका दगडाचे नाव नाही. डुंगरी, अल्बेटा, कुमारी, अडंगा अशा त्याच्या जाती आहेत. अडंग्यात तपकिरी झाक असते, अल्बेट्यात करड्या-तपकिरी नक्षीसारख्या छटा. निव्वळ शुभ्र, रेषा नसलेला माल अत्यंत कमी निघतो आणि त्याचा दर इतर जातींच्या कित्येक पट असतो. म्हणूनच ‘शुद्ध पांढरा मकराना, स्वस्तात’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. तो दुसऱ्या खाणीचा पांढरा दगड असण्याची शक्यता जास्त.

अंबाजी, अगरिया, मोरवड यांचे काय?

गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील अंबाजीचा दगडही कॅल्साइटचा. पांढऱ्यावर करड्या छटा, दाणे किंचित मोठे. अबूच्या दिलवाडा मंदिरांतील नाजूक कोरीव काम याच परिसरातील दगडात झाले. देवघर आणि मूर्तिकाम यांसाठी त्याला आजही मागणी आहे.

मोरवड, अगरिया आणि राजनगर ही नावे राजस्थानच्या राजसमंद पट्ट्यातली. इथला दगड मुख्यतः डोलोमाइटचा, म्हणजे किंचित कठीण. दर मकरान्यापेक्षा बराच खाली. रंग दुधाळ किंवा करड्या रेषांचा आणि एकाच लॉटमध्येही छटा बदलते. त्यामुळे नमुन्याची एक लादी पाहून होकार देऊ नये, पूर्ण लॉट उभा करून पाहावा. बांसवाड्याच्या दगडात जांभळट-करड्या लाटा असतात. ज्यांना त्या आवडतात त्यांना खूप आवडतात. मध्यम बजेटच्या घरासाठी राजसमंदचा चांगला लॉट हा आजही सर्वात व्यवहारी पर्याय म्हणावा लागेल. त्याला मिरवायला ताजमहालाचे नाव नाही, एवढेच.

व्हिएतनाम आणि इटालियन इतके चकचकीत का दिसतात?

व्हिएतनामचा पांढरा दगड हा डोळ्यांना सर्वात भुलवणारा. एकसारखा शुभ्र, जवळजवळ रेषाच नाहीत. मात्र तो मोठ्या दाण्याच्या कॅल्साइटचा आहे. दाणे मोठे म्हणजे त्यांच्या फटीतून पाणी आत जायला वाट मिळते. म्हणूनच त्यावर रेझिनची प्रक्रिया आणि बसवल्यावर सीलर ही बहुधा गरजच ठरते.

‘इटालियन’ हा शब्द तर बाजारात कोणत्याही आयात दगडाला लावला जातो. खरा इटालियन पांढरा संगमरवर टस्कनीतील करारा परिसरातला. ‘करारा’ करडट पांढरा आणि मऊ रेषांचा, ‘स्टॅच्युआरिओ’ जास्त शुभ्र आणि ठळक करड्या रेषांचा, तर ‘कलाकाटा’मध्ये जाड, कधी सोनेरी रेषा. मोठ्या लाद्या मोडू नयेत म्हणून मागे फायबरची जाळी चिकटवलेली असते. जाळी असणे म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र तिच्यामागे भेगा लपलेल्या असू शकतात, म्हणून लादीची पुढची बाजू ओली करून तिरप्या उजेडात पाहावी. पाणी वाळताना भेग आधी गडद दिसते.

तुर्की हा भारताला संगमरवर पुरवणारा मोठा देश. मे २०२५मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतल्याने उदयपूरच्या संगमरवर व्यावसायिकांनी तिथून आयात थांबवण्याची घोषणा केली. तुर्कीहून येणाऱ्या मालात बेज छटांचा वाटा मोठा असला, तरी पांढऱ्या जातीही आहेत. त्यामुळे ‘तुर्की’ म्हणून दाखवलेला माल जुन्या साठ्यातील आहे का आणि नंतर चार लाद्या कमी पडल्या तर मिळतील का, हे विचारून घ्यावे.

संगमरवर नसलेला ‘संगमरवर’

‘नॅनो व्हाइट’ नावाने मिळणारा दुधासारखा पांढरा पत्रा हा दगडच नाही. तो कारखान्यात केलेला, काचेच्या जातीचा पदार्थ आहे. लिंबाने त्याला काही होत नाही आणि पाणीही तो शोषत नाही. पण घासला गेला की बारीक छिद्रे उघडी पडतात, त्यात मळ बसतो आणि मोडला तर काचेसारखा मोडतो. ‘इंजिनीअर्ड मार्बल’मध्ये दगडाचा चुरा आणि रेझिन असते, उन्हात रेझिनचा रंग बदलू शकतो. या वस्तू वाईट आहेत असे नाही. त्या संगमरवराच्या नावाखाली आणि संगमरवराच्या दरात विकल्या जाऊ नयेत, एवढाच मुद्दा.

जीएसटी कमी झाला, मग ग्राहकाला काय मिळाले?

३ सप्टेंबर २०२५च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या ‘ब्लॉक’वरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. बातमीचा मथळा ‘संगमरवर स्वस्त’ असा झाला. पण घरमालक ब्लॉक विकत घेत नाही, तो कापलेली लादी घेतो. लादीवरील कर १८ टक्केच राहिला.

उदाहरणापुरता हिशेब असा. कारखान्याने १ लाख रुपयांचा ब्लॉक घेतला. आधी त्यावर १२ हजार कर द्यावा लागे, आता ५ हजार. त्याच्या लाद्या २ लाखांना विकल्या, तर ग्राहकाकडून १८ टक्क्यांनी ३६ हजार घेतले जातात. आधी कारखाना त्यातून भरलेले १२ हजार वळते करून २४ हजार सरकारला देई, आता ५ हजार वळते करून ३१ हजार देतो. दोन्ही वेळा ग्राहकाच्या खिशातून गेले ३६ हजारच. कारखान्याचे खेळते भांडवल कमी अडकते, हा खरा फायदा. तो दरात उतरवायचा की नाही, हे कारखानदाराच्या हाती. बांधकाम करणाऱ्याला थेट जाणवणारी कपात सिमेंटची होती, २८ वरून १८ टक्के.

अरवलीच्या वादाचाही असाच गोंधळ. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरवली टेकड्यांची १०० मीटर उंचीची व्याख्या स्वीकारली आणि शाश्वत खाणकामाचा आराखडा होईपर्यंत नवे खाणपट्टे देण्यास मनाई केली. २९ डिसेंबरला न्यायालयानेच हा आदेश स्थगित ठेवला. राजस्थानचा संगमरवर पट्टा याच डोंगररांगेच्या परिसरात असल्याने बाजाराचे लक्ष तिकडे आहे. पण ‘खाणी बंद झाल्या, आजच बुक करा’ असे सांगून कोणी घाई करत असेल, तर ती विक्रीची युक्ती समजावी.

पांढरा संगमरवर पिवळा का पडतो?

जालन्यात सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि दुकानात तो सर्वात कमी चर्चिला जातो. दगडात मुळातच लोहाचे अंश असतील तर ओलाव्याने ते गंजतात आणि पिवळसर झाक येते. हा खाणीचा दोष. पण ओलावा येतो कुठून? बऱ्याचदा खालून.

जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जोत्याच्या भरावात हीच माती टाकली, मुरूम नीट दाबला नाही आणि वर पुरेसा काँक्रीटचा थर दिला नाही, तर तळमजल्याची फरशी दरवर्षी हलते. सांधे उघडतात आणि त्यातून खालची ओल क्षार घेऊन वर येते. लाद्यांच्या कडांवर पांढरी भुकटी किंवा पिवळे पट्टे दिसू लागतात. अशा वेळी दोष दगडाला दिला जातो. मकराना बसवला असता तरी तेच झाले असते. म्हणून तळमजल्यावर संगमरवराचा दर ठरवण्याआधी जोत्याच्या भरावाची आणि ओल रोखणाऱ्या थराची खात्री करून घ्यावी.

दुसरे कारण बादलीतले. शहराला जायकवाडी आणि घाणेवाडीचे पाणी मिळत असले तरी बांधकाम आणि फरशी पुसणे अनेक घरांत बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावरच चालते. पाणी वाळले की पांढरट थर उरतो. तो जात नाही म्हणून कोणीतरी संडास धुण्याचे आम्ल आणते आणि फरशीवर ओतते. गोची अशी, की क्षारांचा तो थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. संगमरवरही त्याचाच. थर विरघळवणारे आम्ल फरशी कशी सोडेल? फरशी साध्या, शक्यतो गोड्या पाण्याने, फार तर सौम्य साबणाने पुसावी आणि लगेच कोरडी करावी. सीलर लावला तर तेल-चहा मुरणे मंदावते, पण आम्लापासून तो वाचवत नाही.

तिसरे कारण बांधकामाच्या वेळचे. लादीखाली राखाडी सिमेंटचा गाळा थेट लावला, तर पातळ पांढऱ्या दगडातून त्याची सावली वर दिसते. त्यासाठी पांढरे सिमेंट वापरतात. गाळा पूर्ण सुकण्याआधी पॉलिशची घाई केली की ओल आत कोंडते. आणि स्टीलनगरीतला खास धोका, सळईचा तुकडा किंवा पत्र्याचा डबा ओल्या लादीवर रात्रभर राहिला, तरी गंजाचा डाग पडतो. रंगारी, सुतार आणि फॅब्रिकेटर यांची कामे उरकेपर्यंत फरशी झाकलेली हवी. पिवळेपणाची चिंता फक्त सामान्यांना असते असेही नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग ताजमहालावर मुलतानी मातीचा लेप लावून मळ ओढून घेतो. घरातील तेलाच्या डागावरही खडूची भुकटी किंवा मुलतानी मातीचा असा लेप चालतो, गंजावर मात्र फारसा नाही.

वरच्या मजल्यावर वजन झेपेल का?

१८ मिलिमीटर जाडीच्या संगमरवराचे वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. खाली ४० मिलिमीटरचा गाळा धरला तर आणखी सुमारे आठ किलो. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या हॉलवर पावणेचार टनांच्या आसपास भार. चिकटद्रव्याने बसवलेल्या व्हिट्रिफाइड टाइलचा भार त्याच हॉलमध्ये टनाच्या आत राहतो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसे आणि सामानासाठी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला साडेअठरा किलो भार धरतात. संगमरवर आणि गाळा मिळून त्याच्या दोन-तृतीयांश होतात. नव्या घरात अभियंत्याने हा भार आधीच धरलेला असतो, अर्थात त्याला सांगितले असेल तर. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आधीच्या फरशीवरच संगमरवर टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर अभियंत्याला विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

कुठे लावावा, कुठे टाळावा?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा संगमरवर पायाला गार लागतो, कारण तो तळपायाची उष्णता पटकन ओढून घेतो. झोपायची खोली, देवघर आणि बसायची खोली इथे त्याचे पैसे वसूल होतात. स्वयंपाकाच्या ओट्याला मात्र तो नकोच. लिंबू, चिंच, टोमॅटो आणि हळद यांच्यापुढे कोणताही पांढरा संगमरवर तग धरत नाही. तिथे ग्रॅनाइट बरा. बाथरूममध्ये साबण आणि क्षारांचा त्रास, शिवाय घसरण्याची भीती. ज्येष्ठ मंडळी असतील तर जिन्यावर चकचकीत पॉलिश टाळून खरखरीत पट्टी ठेवावी.

खरेदी करताना लादीची जाडी चार ठिकाणी मोजावी; १८ सांगून १५ मिलिमीटरचा माल माथी मारण्याचे प्रकार होतात. मागील बाजूवर पाण्याचा थेंब टाकून तो किती लवकर मुरतो, हे पाहावे. भारतीय मानक आयएस ११३०नुसार संगमरवराने २४ तासांत वजनाच्या ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. मोठी खरेदी असेल तर चाचणीचा अहवाल मागता येतो. कापण्यात वाया जाणारा माल धरून १० ते १५ टक्के जास्तीची लादी एकाच लॉटमधून घ्यावी.

आणि पक्के बिल घ्यावे. त्यावर नुसते ‘मार्बल स्लॅब’ असे लिहून चालत नाही. जात, खाणीचे ठिकाण, जाडी, चौरस फूट आणि लॉट क्रमांक लिहून घ्यावा. मकराना म्हणून पैसे दिले असतील, तर ‘मकराना’ हा शब्द बिलावर हवा. जीआय मानांकन असलेले नाव खोटेपणाने वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. पुढे दगड वेगळा निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना हाती असणारा पहिला कागद हाच असतो. कच्च्या चिठ्ठीवर १८ टक्के वाचवणाऱ्याकडे तो नसतो.